छोट्या शिडाच्या होडीत घरच्या घरी करायचे बदल आणि जोडसामान: कोकण किनाऱ्यावरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन ते पाच मीटर लांबीच्या, एक-दोन माणसांनी हाकायच्या, पुळणीवरून किंवा खाडीतून पाण्यात लोटायच्या होड्यांसाठी आहे. मोठ्या मासेमारी नौका आणि केबिनवाल्या यॉट यात नाहीत. परदेशी पुस्तकांतले बरेच उपाय थंड हवेच्या, जेटी आणि मरिना असलेल्या किनाऱ्यांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे खारट दमट हवा, दुपारचा वारा, खाडीच्या तोंडावरची रेती आणि चार महिन्यांचा पाऊस. त्या हिशेबानेच इथली उत्तरं दिली आहेत.

माझी होडी कुठल्याही प्रकारची असली तरी हे बदल चालतील का?

फायबरची तयार डिंगी, मरीन प्लायची घरी बांधलेली होडी किंवा शीड लावलेला जुना पगार (लाकूड कोरून केलेली लहान होडी), यांतल्या कशालाही बहुतेक बदल चालतात. एकच अट. ऑप्टिमिस्ट, लेझर, एंटरप्राइझ यांसारख्या वर्गाच्या होडीने शर्यतीत उतरायचं असेल तर आधी त्या वर्गाचे नियम वाचा. लेझरचे नियम इतके कडक आहेत की साधी कप्पी बदलतानाही विचार करावा लागतो. शर्यत नसेल तर होडी तुमची आणि ड्रिलही तुमचंच.

हातात वेळ आणि पैसे दोन्ही बेताचे आहेत. पहिला बदल कोणता करावा?

शिडाला रीफची सोय. म्हणजे वारा वाढला की शिडाचा खालचा भाग बांधून क्षेत्रफळ कमी करता आलं पाहिजे. बऱ्याच छोट्या होड्यांना ही सोय नसतेच आणि लोक आधी कप-होल्डर बसवतात.

कारण इथल्या वाऱ्यात आहे. ऑक्टोबरनंतर सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो. पाणी सपाट असतं, होडी आरामात बाहेर पडते. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो, थोडा वेळ शीड नुसतं लोंबतं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. मार्च ते मे या महिन्यांत हा दुपारचा वारा बघता बघता चढतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहा नॉटचा (तासाला साधारण साडेअठरा किलोमीटर) वारा पंधरा झाला की शिडावरचा भार सव्वादोन पट होतो. म्हणजे सकाळी बाहेर पडताना होडी तुमच्या आवाक्यात असते आणि परतताना तीच होडी तुम्हाला ओढत नेते.

रीफ घरी कशी बसवायची?

शीड स्वच्छ फरशीवर पसरा. डोलकाठीकडच्या कडेवर खालून साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश उंचीवर खूण करा. मागच्या कडेवरची खूण किंचित वर घ्या, नाहीतर रीफ घेतल्यावर बूमचं (शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या काठीचं) मागचं टोक खाली येऊन डोक्याला लागतं. या दोन खुणांवर सगळा ताण येणार. तिथे शिडाच्याच कापडाचे तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, असे शिवून घ्या.

कडी कशी बसवता, यावर सगळं अवलंबून आहे. बॅनरवाल्याकडची ठोकायची पितळी रिंग इथे बसवू नका. ती कापडाला फक्त दाबून धरते आणि पहिल्या जोराच्या झोतात कापड तिच्याखालून निसटतं. त्याऐवजी स्टेनलेसची गोल कडी घ्या आणि सीटबेल्टसारख्या पट्टीचे तीन तुकडे तिच्यातून ओवून कापडाच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखे पसरून शिवा. दोरा पॉलिस्टरचा हवा. सुती दोरा खाऱ्या पाण्यात आणि उन्हात कुजतो. हे काम रेक्झिनची सीटं शिवणाऱ्याकडे उत्तम होतं. त्याच्या मशीनला जाड थर जातात आणि त्याला ‘ताण या दिशेने येणार’ एवढं सांगितलं की पुरतं.

दोन कड्यांच्या मध्ये एका ओळीत तीन-चार छोट्या रिंगा लावा. तिथे मात्र बॅनरवाल्याची रिंग चालते, कारण त्यांचं काम फक्त लोंबणारं कापड गोळा करून बांधायचं. त्या आवळून बांधल्या तर शीड तिथेच फाटतं.

आता दोर. एक टोक बूमच्या मागच्या भागाला बांधा, दोर वर नेऊन मागच्या कडीतून काढा, खाली बूमच्या टोकाशी लावलेल्या कप्पीतून घ्या आणि बूमच्या बाजूने पुढे हाताशी आणून क्लीटमध्ये (दोर पकडून धरणाऱ्या खुंटीत) अडकवा. हा दोर शिडाला खाली आणि मागे, दोन्हीकडे ओढेल अशा बेताने कप्पीची जागा ठरवा. पुढच्या कडीसाठी डोलकाठीजवळ एक साधा हूक पुरतो.

लेझरसारखं मोज्यासारखं डोलकाठीवर चढणारं शीड असेल तर यातलं काही नको. मागचं टोक सोडून डोलकाठीभोवती दोन-तीन वेढे द्यायचे. शिडाचा आकार बिघडतो, पण घरी पोचता येतं.

आणि हो, पहिली रीफ पुळणीवर उभ्या होडीत घेऊन बघा. हेलकावणाऱ्या होडीत दोर कुठून कुठे जातो हे आठवत बसायची वेळ नसते.

ताडपत्रीचं शीड चालतं का?

शिकायला आणि खाडीत फिरायला चालतं. निळी-पिवळी एचडीपीई ताडपत्री घ्या, तीही उन्हाला टिकणारी म्हणून विकतात ती. जाहिरातीचा जुना फ्लेक्स फुकट मिळतो म्हणून कोणी कोणी तो वापरतात. तो जड असतो आणि एकदा चीर पडली की थांबत नाही.

ताडपत्री सरळ रेषेत कापली तर शीड पत्र्यासारखं सपाट होतं. डोलकाठीच्या किंवा वरच्या आडव्या काठीच्या कडेला बाहेरच्या बाजूने हलका फुगवटा ठेवून कापा, साधारण कडेच्या लांबीच्या दोन-तीन टक्के. काठीला ती कड सरळ बांधली की तो फुगवटा आत सरकतो आणि शिडाला पोट येतं. मागची कड मात्र सरळ किंवा किंचित आत घेतलेली. कडा दुहेरी चिकटपट्टीने आधी चिकटवा, आत दोर घालून दुमडा, मग नागमोडी टाका मारा. सहा-सात चौरस मीटरपेक्षा मोठं शीड ताडपत्रीचं करू नये. आणि काम झालं की गुंडाळून सावलीत ठेवायचं. उन्हात राहिलेल्या ताडपत्रीचा हाताला पांढरा भुगा लागायला लागला की तिचं आयुष्य संपलं.

दुकानदार ‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ म्हणतो. तरी गंजतं. का?

‘स्टेनलेस’ या एका नावाखाली बाजारात बऱ्याच जाती विकल्या जातात. कठड्यांसाठी सर्रास मिळणारं २०२ किनाऱ्यावर लवकरच तांबूस पडतं. ३०४ बरं, पण खारी हवा त्यालाही डाग पाडते. पाण्याशी कायम संबंध येणाऱ्या बोल्टना ३१६ घ्यावं. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तेच तोंड देतं. चुंबक लावून पारख करणारे पुष्कळ भेटतात. चुंबक २०२ लाही चिकटत नाही, ३०४ लाही नाही आणि ३१६ लाही नाही, तेव्हा त्या परीक्षेला अर्थ नाही. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ असा ठसा असेल तर ते ३१६ च्या जातीचं. मुंबईला जाणं होणार असेल तर दारूखान्यात जहाजांचं जुनं सामान बघा. तिथे घासाघीस करायला वेळ मात्र हवा.

डोलकाठीवर क्लीट बसवला, आता रिव्हेटभोवती पांढरी पूड जमते आहे.

अॅल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेस रिव्हेट आणि वर खारं पाणी, म्हणजे घरगुती बॅटरीच. त्यात अॅल्युमिनियम झिजतं. पांढरी पूड म्हणजे तुमची डोलकाठी. रिव्हेट काढा, भोक गोड्या पाण्याने धुऊन सुकवा, आणि दोन धातू एकमेकांना टेकणार नाहीत अशी सोय करा. क्लीटखाली पातळ प्लास्टिकचा किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि रिव्हेटला ड्युरालॅकसारखी पेस्ट. पेस्ट मिळाली नाही तर सीलंटमध्ये बुडवून बसवला तरी काहीच न लावण्यापेक्षा पुष्कळ बरं. हलक्या कामाला अॅल्युमिनियमचे रिव्हेट चालतात, फक्त त्यांची आतली लोखंडी खिळी राहिली तर ठोकून बाहेर पाडा. तिचा गंज ओघळून शिडावर डाग पडतो.

फायबरच्या डेकवर भोक पाडायची भीती वाटते.

वाटायलाच हवी. पुष्कळ डेक सँडविच असतात, वर-खाली फायबर आणि मध्ये फोम किंवा हलकं लाकूड. त्या भोकातून पाणी आत गेलं की मधला थर भिजतो आणि काही काळाने डेक पायाखाली दबायला लागतो.

रीत अशी. हव्या त्या बोल्टपेक्षा मोठं भोक पाडा, पण खालची कातडी शाबूत ठेवा. कडेचा मधला थर वाकवलेल्या खिळ्याने खरवडून काढा. इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनमध्ये) भरावाची भुकटी मिसळून श्रीखंडाइतकी घट्ट करा आणि भोक भरा. ती कडक झाली की तिच्यातून बोल्टच्या मापाचं भोक. आता पाणी शिरायला वाट नाही. बोल्टखाली आतून वॉशरवर विसंबू नका, मरीन प्लायचा किंवा जाड फायबरचा हातभर नाही तरी तळहाताएवढा तुकडा द्या. सीलंट पॉलियुरेथेनचं किंवा ब्यूटिल पट्टी. बाथरूमचं सिलिकॉन टाळा. ते निघतं तेव्हा मागे असा तेलकट थर ठेवतं की त्यावर पुढे काहीच धरत नाही.

प्लाय आणि रेझिन कोणतं?

प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघा. कापलेल्या कडेला पोकळ जागा दिसली तर शिक्का असूनही घेऊ नका. कडा इपॉक्सीने दोन-तीनदा भिजवा, पाणी शिरतं ते कडेतूनच.

रेझिनबद्दल जरा सावध. पॉलिस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या मिळतात, कोबाल्टचं प्रवेगक आणि हार्डनर. या दोन बाटल्यांतलं द्रव्य कधीही एकमेकांत थेट मिसळू नका. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी रेझिनमध्ये प्रवेगक नीट ढवळायचं, मग हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच.

इपॉक्सी महाग, पण लाकडावर तीच धरते. तिचं माप वजनकाट्यावर तंतोतंत. हार्डनर जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, कच्ची राहते. दमट हवेत सुकलेल्या थरावर मेणचट साय येते. दुसरा हात द्यायच्या आधी ती साध्या पाण्याने आणि काथ्याने घासून काढा. इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट चिकटत नाही, उलट चालतं. आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका.

होडी उलटली तर तरंगत राहावी म्हणून काय भरावं?

एक लिटर हवा सुमारे एक किलो उचलते. फायबर पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड, म्हणून शंभर किलोच्या फायबरच्या होडीला नुसतं तरंगत ठेवायला पस्तीस-चाळीस लिटर हवाही पुरते. पण नुसतं तरंगणं म्हणजे काठोकाठ पाण्याने भरलेल्या होडीला धरून बसणं. पाणी उपसून पुन्हा निघायचं असेल तर दोनशे लिटरच्या आसपास जागा हवाबंद हवी, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली.

झाकणं घट्ट असलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या हा सगळ्यांत स्वस्त उपाय आणि चांगलाही, कारण एक फुटली तर एकच जाते. जाळीच्या पिशवीत भरून बाकाखाली पक्क्या बांधा. इतक्या हवेचा वर ढकलण्याचा जोर मोठा असतो, सुतळीने भागत नाही. थर्माकोल स्वस्त आहे, पण पेट्रोलमध्ये आणि पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो.

डोलकाठीच्या टोकाला पाच-सहा लिटरचा रिकामा डबा बांधला तर होडी आडवी झाल्यावर पूर्ण पालथी होत नाही. दिसायला विचित्र. पण आपल्या खाड्यांत खाली चिखल असतो, आणि पालथ्या होडीची डोलकाठी त्यात रुतली की दोन माणसांनाही ती सुटत नाही.

उलांडी लावता येईल का? जुन्या होड्यांना असते तशी?

येईल, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. आपल्या किनाऱ्यावर उलांडीची होडी पिढ्यान्‌पिढ्या चालली. अरुंद, हलकी, एका बाजूला दोन काठ्या आणि त्यांच्या टोकाला ओंडका. अरुंद होडी उभी ठेवायला याहून स्वस्त युक्ती नाही.

घरी करताना ओंडक्याच्या जागी १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेता येतो. दोन मीटर पाइपात सुमारे चाळीस लिटर हवा, म्हणजे पूर्ण बुडाला तर चाळीस किलोचा टेकू. होडीच्या मध्यापासून दीड मीटरवर असेल तर होडी उभी धरण्याचा त्याचा जोर चाळीस गुणिले दीड, म्हणजे साठ किलो-मीटरचा होतो. एका माणसाने काठावर बसून झुकण्याइतका. दोन्ही टोकांना टोप्या सॉल्व्हेंटने चिकटवा, एका टोपीत स्क्रूचं झाकण ठेवा. उन्हात आतली हवा फुगते आणि जोड सोडते, म्हणून किनाऱ्यावर झाकण उघडं.

आडव्या काठ्यांना माणगा बांबू नामी. सिंधुदुर्गात मिळतो, जवळजवळ भरीव असतो. पावसाळा संपल्यावर तोडलेला घ्या आणि काही आठवडे खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवा, भुंगा कमी लागतो. काठ्या होडीला बोल्टने आवळण्यापेक्षा दोराने बांधा. लाटेत दोर थोडा देतो, बोल्ट देत नाही आणि शेवटी काठ फाडतो.

एक मर्यादा आहे. उलांडी एकाच बाजूला असते. ती वाऱ्याच्या खालच्या बाजूला असताना तरंगून टेकू देते. वाऱ्याच्या बाजूला आली की फक्त वजनाने धरते, आणि रिकाम्या पाइपाला वजन कुठलं? त्या बाजूला माणसाने काठीकडे सरकायचं.

सुकाणू सारखं रेतीला लागतं.

पातं वर उचललं जाईल असं करा. दोन बाजूच्या फळ्यांमध्ये पातं, एका बोल्टवर फिरणारं, आणि ते खाली धरायला रबरी दोर. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, कर्ली, कुठल्याही नदीच्या तोंडाशी रेतीचा पट्टा दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, मागच्या वर्षीची आठवण उपयोगी नाही. रबरी दोराने धरलेलं पातं वेगात थोडं मागे उचलतं आणि सुकाणू एकदम जड होतं. ते नको असेल तर पात्यात बांबूची बारीक काडी पिनेसारखी बसवा. आपटलं की काडी मोडते, पातं वाचतं. चार काड्या खिशात ठेवा.

होडी आडवी झाली तर सुकाणू कड्यांतून निसटून तरंगत जातं. त्याला एक क्लिप आणि एक दोरी, दोन्ही.

जाळ्यांचा प्रश्नही इथेच येतो. उत्तर कोकणात डोलीच्या (प्रवाहात खुंटांना बांधून ठेवलेल्या) जाळ्यांचे खुंट भरतीला पाण्याखाली जातात. पाण्यावर जाळ्याच्या तरंगत्या गोळ्यांची रांग दिसली तर वळसा घाला. नाइलाजाने ओलांडायचीच असेल तर दोन गोळ्यांच्या मधोमध, सेंटरबोर्ड (होडीच्या तळातून पाण्यात सोडलेली फळी) आणि सुकाणू वर घेऊन. जाळं अडकलं तर सुरी चालवू नका. ते कोणाचं तरी पोट आहे, आणि संध्याकाळी त्याच बंदरावर तुम्हाला होडी लावायची आहे.

नांगर विकत घ्यावा की करून घ्यावा?

करून. बंदराजवळचा कुठलाही वेल्डर सळईचा चार दातांचा नांगर करून देतो. तीन-चार किलोचा पुरे. पुढे दोन मीटर साखळी आणि मग नायलॉनचा दोर. हिरवा-निळा तरंगणारा दोर नको, पृष्ठभागावर राहून दुसऱ्याच्या पंख्यात जातो.

दोराची लांबी भरतीच्या पाण्यावर मोजा. ओहोटीला दोन मीटर पाणी, भरतीला आणखी तीन चढणार, होडीची उंची अर्धा मीटर, झाले साडेपाच. त्याच्या पाचपट, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मीटर. अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण निम्मं, तेव्हा एकाचा हिशेब दुसऱ्याला लावू नका. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात येतो. तिथे खाली प्रवाळ आहे, नांगर टाकायचा नाही.

वल्ही पुरतात की मोटर लावू?

वल्ही तर हवीतच. दोन्ही हातांनी ओढायच्या वल्ह्याची लांबी होडीच्या रुंदीच्या दुपटीच्या आसपास. धातूच्या आकड्यापेक्षा लाकडी खुंटी आणि दोराचा वेढा टिकतो आणि कुठेही दुरुस्त होतो.

बारा व्होल्टची विद्युत मोटर पूर्ण जोरात पन्नास अँपिअरच्या आसपास घेते. शंभर अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी दोन तासांच्या आत आटोपते, शिशाची त्याच्या निम्म्यातच थांबवावी. ओहोटीविरुद्ध खाडीत शिरायला हे फार नाही. त्यापेक्षा भरतीबरोबर परत यायचं वेळापत्रक करा. दुपारच्या वाऱ्यासमोर ओहोटी बाहेर पडते तेव्हा खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहतात, तिथे मोटर असून नसल्यासारखी.

इंजिन बसवायचं ठरलंच तर आधी सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात नोंदणीचं विचारा, मग कंस वेल्ड करा.

पुळणीवरून ओढायला गाडी कशी करावी?

रुंद चाकं. सायकलची किंवा घमेल्याच्या गाडीची चाकं कोरड्या रेतीत रुततात. स्कूटरची जुनी चाकं हवा कमी करून चांगली चालतात. बॉल बेअरिंग मिठाने लवकरच जाम होतं, त्याजागी नायलॉनची बुश. होडीचं वजन चाकांवर जरा पुढे येईल असं बसवा.

दोर, काठ्या आणि बारीकसारीक?

शीड वर चढवायला पॉलिस्टर, नायलॉन ताणतो. हातात धरायचा दोर आठ ते दहा मिलिमीटरचा, बारीक दोर ओल्या हाताला कापतो. झुकून बसताना पाय अडकवायच्या पट्ट्या भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टच्या. सुकाणूच्या दांड्याला जोडकाठी माणग्याची, सांधा रबरी नळीच्या तुकड्याचा. शिडावर वाऱ्याची दिशा दाखवायला जुन्या कॅसेटची फीत, लोकर ओली झाली की चिकटून बसते. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा कॅन तिरका कापून, दोरीने होडीला बांधलेला. न बांधलेला कॅन पहिल्या उलटीत जातो.

तळाला शेवाळं-शिंपले धरू न देणारा रंग लावावा का?

रोज ओढून वर घेत असाल तर गरज नाही.

संध्याकाळी उशीर झाला तर दिवे?

सात मीटरपेक्षा लहान शिडाच्या होडीला शक्य असेल तर बाजूचे दिवे आणि मागचा दिवा, नसेल तर टक्कर टाळायला वेळेत दाखवता येईल असा विजेरीचा पांढरा झोत हाताशी हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. विजेरी शिडावर मारा, पांढरं शीड लांबून दिसतं. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या, फोन दुहेरी पिशवीत, पिशवी जॅकेटला. होडीच्या डब्यात ठेवलेला फोन होडी पालथी झाल्यावर कामाचा नाही.

पावसाळ्यात होडी कुठे ठेवावी?

मे संपायच्या आत वर. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं आणि तौक्ते तर मे २०२१ मध्येच किनाऱ्याने गेलं, तेव्हा ‘नक्षत्र लागू दे’ म्हणत थांबू नये. होडी पालथी, जुन्या टायरांवर, जमिनीपासून वीतभर वर. झडपा आणि झाकणं उघडी, आत हवा खेळली पाहिजे. चार ठिकाणी दोर जमिनीत ठोकलेल्या खुंटांना. माडाखाली नाही. एक झावळीही पातळ फायबरला तडा देते, नारळाचं तर सांगायलाच नको.

डोलकाठी पडवीत वळचणीला टांगा आणि दोन्ही टोकांत चिंध्या कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीची घरं करते. शीड गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवून, वाशाला लटकवलेल्या पिशवीत. जमिनीवर ठेवलं तर उंदरांना बाळंतपणाची सोय होते.

होडीवर नाव-नंबर कुठे लिहावा?

बाहेर नोंदणी असेल ती. आत मात्र, बाकाखाली आणि दोन्ही वल्ह्यांवर, तुमचा फोन नंबर न पुसणाऱ्या रंगाने लिहा, आणि घरच्या एकाचा दुसरा. रात्री भरतीने होडी सुटून गेली आणि सकाळी कोणाला रिकामी तरंगताना दिसली, तर माणूस बुडाला असं समजून शोध सुरू होतो. नंबर असला की आधी फोन येतो.